काठाची रिळं

रंजीता उसेंडीनं तिसरी पट्टी पाण्यातून काढली, भिंगाखालच्या मोजपट्टीवर पसरली आणि आकडा लिहायच्या आधीच पेन खाली ठेवून दिलं. पहिल्या दोन पट्ट्यांनी जे सांगितलं होतं तेच तिसरीनं सांगितलं. कागद वाढत होता, आणि वाढू नये इतका वाढत होता.

उमा नदीच्या काठावरच्या त्या कागद मिलमध्ये, तपासणीच्या खोलीत, तिला अकरा वर्षं झाली होती. मिलमध्ये नवा लागलेला माणूस कागदाला निर्जीव समजतो. तिनंही समजलं होतं. पहिल्या वर्षी गुणवंतरावांनी तिच्यासमोर एक कोरा कागद ओल्या फडक्याखाली ठेवला, अर्ध्या तासानं मोजायला लावला आणि विचारलं, किती वाढला सांग. ते तपासणी खात्याचे प्रमुख. त्यांनीच तिला शिकवलं की कागद दमट हवेत पाणी पितो आणि कोरड्या हवेत सोडतो. पाणी प्यायला की त्यातला एकेक तंतू जाड होतो, लांब होत नाही. आणि तंतू सगळे यंत्राच्या धावेच्या दिशेनं निजलेले असतात, म्हणून कागद लांबीत फारसा हलत नाही, रुंदीत हलतो. किती हलतो ते पाहणं हे रंजीताचं काम. आडवी पट्टी कापायची, भिजवायची, मोजायची. हातातल्या ऑर्डरच्या मालाला शंभरात दोनपर्यंत वाढ चालत होती.

त्या जुलैत रस्ते पंधरा दिवस पाण्याखाली होते. एटापल्लीकडून येणारे बांबूचे ट्रक आलापल्लीच्या अलीकडेच थांबले होते. बांबूचा लांब तंतू कमी पडला तेव्हा मिलनं लाकडाचा आखूड तंतू वाढवला, आणि कागद फाटू नये म्हणून लगदा नेहमीपेक्षा जास्त कुटला. जास्त कुटलेल्या लगद्याचा कागद मजबूत होतो खरा, पण पाणी लागलं की तोच जास्त पसरतो. त्यात काठाचं दुखणं वेगळं. यंत्रातून कागदाचं रुंद पान निघतं, त्याची चार रिळं कापतात. वाळवताना मधला कागद दोन्ही बाजूंनी ताणून धरलेला असतो. काठाच्या कागदाला धरणारं कुणी नसतं, तो मोकळा आखडतो. आणि वाळताना जो जास्त आखडला तो ओल लागताच जास्त फुगतो. मधल्या दोन रिळांचा आकडा दोनच्या आतच होता. काठाच्या दोन्ही रिळांचा दोन पूर्णांक नऊ दशांश.

तिनं कागद घेऊन गुणवंतरावांचं टेबल गाठलं. त्यांनी चष्मा वर केला, आकडे वाचले आणि ते उठून उत्पादनाच्या प्रफुल्ल साहेबांकडे गेले. रंजीतानं काय करायला हवं ते मनात जुळवून ठेवलं होतं. लगदा कमी कुटा, यंत्राचा वेग थोडा उतरवा, वाळवणीवरचा पट्टा घट्ट करा, आणि निघालेली काठाची रिळं परत लगद्यात टाका. त्यात चार दिवस गेले असते.

गुणवंतराव अर्ध्या तासानं परतले. माल शुक्रवारी निघायला हवा, असं साहेबांनी सांगितलं होतं. नागपूरचा छापखाना खोळंबला होता आणि परीक्षेची तारीख ठरली होती. नदीचं पाणी आत शिरून यंत्र आधीच नऊ दिवस बंद होतं. ही ऑर्डर परत आली तर मालक हे यंत्र कायमचं बंद करायचं म्हणत होते, आणि त्यावर दीडशे ठेक्याची माणसं होती. साहेबांनी स्वतः काहीच करायला सांगितलं नव्हतं. तुम्हीच बघा, एवढंच म्हणाले होते.

गुणवंतराव खुर्चीत बसले. बराच वेळ टेबलावरची धूळ बोटानं एका बाजूला सारत राहिले.

"मधल्या रिळाच्या पट्ट्या घे," ते म्हणाले. "त्याच वहीत लिव."

"आन काठाच्या?"

"काठाच्या घेतल्याच नाई समज."

तिला नाही म्हणता आलं असतं. नंतर कित्येक महिने ती स्वतःला हेच सांगत राहिली, की त्या क्षणी कुणी तिचा हात धरला नव्हता. पण हा माणूस तिला बाहेर झाडलोट करणाऱ्या बायांच्या रांगेतून उचलून आत घेऊन आला होता. बारावी सायन्स झालेली पोरगी झाडू काऊन मारते, असं त्यानं ठेकेदाराला विचारलं होतं. शिवाय दीडशे माणसं तिच्या रोजच्या ओळखीची होती. तिनं वही ओढली आणि मधल्या पट्ट्यांचे आकडे लिहिले. खाली सही केली. प्रत्येक रिळाचा एक ताव वर्षभर जपून ठेवायचा नियम होता, त्याप्रमाणे तिनं चारही रिळांचे ताव नंबर घालून पाकिटात भरले आणि कपाटात ठेवले. काठाचेही ठेवले. ते का ठेवले, हे तिला धड सांगता आलं नसतं.

माल कशासाठी चालला होता ते ऑर्डरच्या कागदावर लिहिलेलंच होतं. गडचिरोलीत आणि शेजारच्या जिल्ह्यात मुलामुलींची वसतिगृहं चालवणारी एक मोठी संस्था अधीक्षकांच्या ऐंशी जागा भरणार होती, आणि तिच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका या कागदावर छापल्या जाणार होत्या. गोल काळे करायच्या, यंत्रानं तपासायच्या उत्तरपत्रिका. सहा हजार पोरंपोरी बसणार होती.

त्यांत एक करिश्मा होती.

करिश्मा पोटावी म्हणजे रंजीताच्या टोल्यातली, धानोऱ्याच्या पुढं जंगलात वसलेल्या चाळीस घरांच्या वस्तीतली, शेजारच्या सुकरीबाईची मुलगी. टोल्यात बी.ए. झालेली ती पहिलीच. बालवाडीत मदतनीस म्हणून काम करता करता ती दोन वर्षं या परीक्षेचा अभ्यास करत होती, आणि सुट्टीला घरी गेलं की रंजीता तिची टक्केवारीची गणितं घेत असे. परीक्षेचं केंद्र मिलजवळच्या मूल गावातल्या शाळेत आलं, म्हणून ऑगस्टमध्ये ती आदल्या दिवशीच गडचिरोलीहून बस बदलून रंजीताच्या खोलीवर मुक्कामाला आली. चपला चिखलानं भरलेल्या, पिशवी पोटाशी धरलेली, प्रवेशपत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं.

जेवताना रंजीताच्या जिभेवर दोनदा शब्द आले. कागद कसा आहे हे सांगून ही काय करणार? उद्या शाळेत जाऊन दुसरा कागद मागणार? उगाच धास्ती घेऊन बसेल. म्हणून तिनं एवढंच सांगितलं, की गोल पूर्ण भर, बाहेर जाऊ देऊ नको, आणि हात ओले असतील तर पुसून घे. करिश्मा हसली. ताई, मी काय पहिलीतली होय का, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून झड लागली होती. शाळेच्या पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की घंटा ऐकू आली नाही, असं करिश्मा संध्याकाळी सांगत होती. तिच्या पुढच्या बाकावरच्या पोराचे केस ओले होते आणि त्याच्या कागदावर थेंब पडत होते. रंजीता ऐकत राहिली. नागपूरच्या थंड, कोरड्या खोलीत छापलेला कागद त्या दमट वर्गात तीन तास कसा हळूहळू आडवा पसरला असेल, हे तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. शेवटच्या रकान्यातले गोल जिथं छापले होते तिथून किती सरकले असतील, याचा हिशोब ती करू शकली असती. केला नाही.

ऑक्टोबरात निकाल लागला. ऐंशीत करिश्मा एक्केचाळिसावी. टोल्यात ढोल वाजले. सुकरीबाईनं फोनवर रंजीताला काय काय सांगितलं ते रडण्यातच गेलं. एक डिसेंबरला एटापल्लीकडच्या मुलींच्या वसतिगृहात रुजू व्हायचं होतं. करिश्मानं बालवाडीचं काम सोडलं आणि ती जागा गावातल्या दुसऱ्या पोरीला मिळाली. रंजीताला वाटलं, निभावलं. तिनं त्या दिवशी मिलमध्ये सगळ्यांना पेढे वाटले. गुणवंतरावांनी पेढा घेतला, पण तिच्याकडं पाहिलं नाही.

दिवाळी उलटली आणि नागपूरच्या छापखान्याचा माणूस एक जाड पाकीट आणि स्टीलची पट्टी घेऊन मिलमध्ये आला. चिमूरच्या सुरज नावाच्या उमेदवाराकडे त्याच्या उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत होती. त्यानं ती उत्तरसूचीशी ताडून पाहिली तर त्याला एकशे सेहेचाळीस गुण पडायला हवे होते. संस्थेनं दिले होते एकशे एकोणीस. शेवटच्या रकान्यातली त्याची उत्तरं यंत्रानं एक घर सरकवून वाचली होती. मग आणखी पंधरा जणांनी प्रती काढल्या. संस्थेनं छापखान्याला धरलं, छापखान्यानं कागदाला.

प्रफुल्ल साहेबांनी दोघांना बोलावून घेतलं. तपासणीची वही आणि जपलेले ताव मंगळवारी द्यायचे होते. वही ठीकच आहे, साहेब म्हणाले. ताव मात्र जुने झाले असतील, ओल लागली असेल. तेव्हा आत्ताच्या चांगल्या रिळांचे ताजे काढा आणि तेच नंबर घाला. ते आवाज न चढवता बोलले, जसं कुणी पाण्याचा जग भरून ठेवायला सांगावं. गुणवंतराव सगळा वेळ खिडकीबाहेर बांबूच्या ढिगाकडं बघत होते.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर रंजीतानं त्यांना विचारलं, "भाऊ, मी काय करू?"

ते थांबले. "मी सांगतलं आन तू लिवलं. दोघायचं होय ते," ते म्हणाले. "पण आता मी तुले काई सांगत नाई. एकदा सांगतलं तेच लय झालं."

मधे दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत रंजीताचं मन तराजूसारखं इकडून तिकडं होत राहिलं. चिमूरच्या त्या पोराला तिनं पाहिलेलं नव्हतं, पण त्याचे सत्तावीस गुण तिच्या सहीखाली गेले होते. आणि सुरजसारखे कितीक, ज्यांना प्रत ताडून पाहायचं सुचलंच नाही? दुसऱ्या बाजूला करिश्मा. पण करिश्माला धोका का असावा? उत्तरपत्रिका संस्थेकडं होत्याच. काठाच्या रिळांवरच्या तेवढ्या वेगळ्या काढून माणसांनी डोळ्यांनी तपासल्या, की ज्याचे गेले त्याला मिळतील आणि जिनं कमावले तिचे राहतील. करिश्मानं कमावले होते. याबद्दल रंजीताला तिळमात्र शंका नव्हती.

मंगळवारी तिनं कपाटातलं खरं पाकीट छापखान्याच्या माणसाच्या हातात दिलं आणि सोबत एक अर्ज. काठाच्या रिळांची वाढ जास्त आली होती, ती मी वहीत लिहिली नाही, मधल्याच पट्ट्या लिहिल्या, असं तिनं त्यात सरळ लिहिलं. गुणवंतरावांचं नाव कुठं घेतलं नाही. शेवटी विनंती केली, की या रिळांवर छापलेल्या उत्तरपत्रिका हातानं तपासून गुण द्यावेत.

दुसऱ्या दिवशी कळलं की गुणवंतरावांनीही स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी मॅनेजरच्या टेबलावर ठेवली होती. मुलीनं माझ्या सांगण्यावरून लिहिलं, एवढीच ओळ. मार्चमध्ये ते निवृत्त व्हायचे होते. त्यांना नोव्हेंबरातच घरी बसवलं. हार झाला नाही, चहा झाला नाही. आपला डबा आणि चष्म्याची पेटी घेऊन ते गेटबाहेर पडले तेव्हा रंजीता धावत गेली. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते मोटरसायकलवर बसले. तिची बदली लगद्याच्या गासड्यांच्या गोदामात झाली.

हे सगळं तिनं सोसलं असतं. पण संस्थेनं हातानं काही तपासलं नाही. कोण कोर्टात जाईल, कोण कुणावर बोट ठेवेल, या भीतीनं तिनं सोपा रस्ता धरला. चार ओळींची सूचना लागली. तांत्रिक दोषामुळं संपूर्ण परीक्षा रद्द, निवड यादी रद्द, जानेवारीत फेरपरीक्षा.

करिश्माचा फोन आला तेव्हा रंजीता गासड्यांवर नंबर टाकत होती. ताई, असं कसं करतात, मी तर रुजू व्हायले निघाली होती, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. रंजीता तिला अभ्यासाला लाग म्हणाली. एकदा पास झालेली पुन्हा होशील, म्हणाली. यामागं मी आहे, हे मात्र तिनं सांगितलं नाही.

या खेपेला आठ हजार बसले. रद्द झालेल्या परीक्षेचा गवगवा झाला होता, नागपूर-भंडाऱ्याकडूनही पोरं आली. सुकरीबाईला त्या आठवड्यात मलेरियानं धरलं होतं, आणि पोरगी चार रात्री धानोऱ्याच्या दवाखान्यात तिच्या खाटेपाशी बसून तिथूनच केंद्रावर गेली. निकाल लागला. करिश्मा चार गुणांनी खाली राहिली. रंजीतानं गोदामात उभं राहून मोबाईलवर ती यादी दोनदा वाचली. चिमूरचा सुरज विसावा होता.

इकडं मिल काही बंद पडली नाही. त्याच यंत्रावर आता काठाचा हातभर कागद कापून परत लगद्यात जात होता, वाळवणीचे पट्टे नवे आले होते, आणि प्रफुल्ल साहेब भेटायला येणाऱ्यांना ही सुधारणा हौसेनं दाखवत होते. जुलैत ज्या कामाला चार दिवस नव्हते त्याला आता वेळच वेळ होता.

रंजीता गावी गेली ती मार्चमध्ये. मोहाची फुलं पडायला लागली होती. टोल्यातली माणसं पहाटेच जंगलात जाऊन उन्हं चढायच्या आत परत येत, आणि दुपारी अंगणाअंगणात फुलं वाळत पडलेली असत. तिचे वडील लालसू यांनी आयुष्यभर याच मिलसाठी बांबू तोडला होता. आल्या आल्या तिनं आधी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, विडी विझवली आणि म्हणाले, की हे मला सांगून काय होते, ज्यांचं आहे त्यांना सांग.

सुकरीबाई अंगणात फुलं पालटत होती. करिश्मा दाराच्या चौकटीला टेकून सुपात तांदूळ पाखडत होती. दोघींनी तिला बसायला चटई टाकली, पाणी दिलं. रंजीता पाणी न पिता बोलायला लागली. काठाची रिळं, मधल्या पट्ट्या, सही, पाकीट, अर्ज. परीक्षा माझ्या अर्जामुळं रद्द झाली, असं ती म्हणाली तेव्हा सुकरीबाईचा हात थांबला. हातानं तपासतील असं मला वाटलं होतं, हेही तिनं सांगितलं, पण सांगताना ते तिला स्वतःलाच पोकळ वाटलं.

करिश्मानं सूप खाली ठेवलं. ती रडली नाही, ओरडली नाही. तिनं रंजीताकडं असं पाहिलं, जणू ओळख पटवत होती.

"मी तुह्या खोलीवर होती, तवा तुले माहीत होतं?"

"होतं."

"मले गोल नीट भर म्हणत होती, तवा?"

"होतं."

"मंग अर्ज केला त्याचा मले राग नाई," करिश्मा म्हणाली. "त्या चिमूरच्या पोराचे गुण गेले होते. मी असती तर मी बी बोंबलली असती. पण जे तू नोव्हेंबरात लिवलं ते जुलैत लिवलं असतं, तर चार दिवस उशिरा चांगला कागद आला असता. ना त्याचं गेलं असतं, ना माहं. तवा काऊन नाई बोलली?"

रंजीताजवळ उत्तरं होती. दीडशे माणसं, बंद पडणारं यंत्र, गुणवंतराव. सगळी खरी. पण त्या अंगणात, त्या पोरीपुढं, त्यातलं एकही उच्चारावंसं तिला वाटलं नाही.

"भेली मी," ती म्हणाली.

करिश्मा उठून आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. सुकरीबाई फुलं पालटतच होती, मघापेक्षा हळू. ऊन अंगणातून सरकून कुडापाशी गेलं. शेवटी तिनं फुलं टोपलीत भरली, टोपली झाकली आणि रंजीताच्या पुढ्यातला पाण्याचा गडवा उचलून तिच्या हातात दिला.

"मले ते कागदाचं समजत नाई, बाई," ती म्हणाली. "पोरगी आता परवा सिरोंच्याले जाणार हाय. तिथी एका दुकानात काम हाय. बाप नाई तिले, मी म्हातारी. तिनं कितीक दिवस तुह्यासारखं व्हायचं म्हणलं होतं." एवढं बोलून ती थांबली. मग म्हणाली, "पाणी पी. गडचिरोलीची गाडी चार वाजता येते."

रंजीतानं पाणी प्यायलं. दाराशी जाऊन करिश्माला हाक मारावी असं तिला वाटलं, पण हाक मारायचा आपला हक्क आता उरला आहे का, याची खात्री तिला होईना. सुकरीबाई तिच्यासोबत फाट्यापर्यंत आली. गाडी आली तेव्हा ती हात न हलवता उभी राहिली, आणि गाडी वळेपर्यंत तशीच उभी होती.

सिरोंच्याला गेल्यावर करिश्मानं फोनचा नंबर बदलला. रंजीतानं तो कुणाकडं मागितला नाही. एप्रिलमध्ये मिलनं तिला परत तपासणीच्या खोलीत बोलावलं, कारण पट्ट्या नीट मोजणारं दुसरं कुणी मिळालं नव्हतं. ती गेली. त्याच महिन्यात तिनं काठाची सहा रिळं नापास केली आणि कुणी एक शब्द बोललं नाही. संध्याकाळी खोलीवर येऊन ती खूप वेळ चूल न पेटवता बसून राहिली.